दाराच्या कडीकडे लागलेले कान

प्रश्न : माझ्या १७ वर्षांच्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. अंघोळ, कपडे यांसाठी तो माझ्यावर अवलंबून असून दार उघडे दिसले की जिना उतरून निघून जातो. पती रबाळ्याच्या कारखान्यात पाळीने काम करतात. सासूबाई म्हणतात, "आता तरी सवय व्हायला हवी." मला रात्री झोप लागत नाही आणि धाकट्या मुलीवर मी उगाच ओरडते. माझे काही चुकते आहे का?
– एक आई, कोपरखैरणे

उत्तर : अंघोळ घालण्याची, भरवण्याची सवय तुम्हाला केव्हाच झालेली आहे; झोपेतही दाराच्या कडीकडे कान लावून पडण्याची सवय मात्र शरीराला होत नसते, आणि तुमचा थकवा तिथला आहे. शिवाय हा ताण निदानाच्या दिवशी येऊन ओसरणारा नव्हे. पाच वर्षांच्या मुलाला उचलून घरात आणता येत होते. आज तो बहुधा तुमच्याहून उंच असेल.

'थोडी विश्रांती घ्या' असे मी सांगणार नाही, कारण ती कोणाच्या भरवशावर घ्यायची, हा प्रश्न तसाच राहतो. त्याऐवजी सुटीच्या दिवशीची मुलाची दाढी आणि अंघोळ पतींकडे पूर्णपणे सोपवा, आणि टॉवेल कुठे आहे हे विचारणारा फोन आला तरी त्या वेळात घरी परतू नका. दाराला उंचावर कडी आणि उघडताच वाजणारी घंटी बसवा. मुलीला भावाची अवस्था सोप्या शब्दांत सांगा. 'आमच्यानंतर तूच' हे वाक्य मात्र तिच्यासमोर टाळा.

मुलासाठी पुढे काय करता येईल, याची चौकशी महापालिकेच्या वाशीतील ईटीसी या दिव्यांगांसाठीच्या शिक्षण-प्रशिक्षण केंद्रात करावी. १८ वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. त्याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. कागदपत्रे आत्तापासूनच जमवायला घ्या. हे काम पतींनाही करता येईल.

रात्री फारच असह्य झाले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते. आणि मुलाला पुढच्या वेळी डॉक्टरांकडे न्याल, तेव्हा स्वतःच्या नावाचाही केस पेपर काढा.