उन्हाळी बॅले वर्गाला जाण्यापूर्वी

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची दोन्ही प्रवेशपत्रे वाचली. न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या शाळेने पाच आठवड्यांच्या उन्हाळी वर्गासाठी तुला बोलावले आहे, पण शिष्यवृत्ती दिलेली नाही. लहान शहरातल्या दुसऱ्या शाळेचा वर्ग तीन आठवड्यांचा आहे आणि तिने अर्धी फी माफ केली आहे. कुठे जावे, असे तू विचारले आहेस. उत्तर आधीच सांगून टाकते: यंदा लहान शाळेत जा. मोठ्या शाळेचे नाव ऐकून घरात जो आनंद झाला असेल त्यावर हे पाणी ओतल्यासारखे वाटेल, म्हणून माझी कारणे सविस्तर लिहिते. निर्णय अर्थातच तू आणि तुझ्या आईबाबांनी मिळून घ्यायचा आहे.

अमेरिकेतल्या शाळांना जूनपासून ऑगस्टपर्यंत सुटी असते आणि त्या काळात जवळजवळ प्रत्येक मोठ्या बॅले कंपनीची शाळा बाहेरगावच्या मुलामुलींसाठी असा वर्ग चालवते. यामागे शाळेचे दोन हेतू असतात. पहिला म्हणजे वर्षभराच्या शिक्षणासाठी विद्यार्थी हेरणे. १९३४ साली नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्चीन आणि त्यांचे पाठीराखे लिंकन कर्स्टीन यांनी सुरू केलेली स्कूल ऑफ अमेरिकन बॅले घे. हिवाळ्यात गावोगावी चाचण्या घेऊन ती उन्हाळी वर्ग भरते आणि त्या वर्गात नजरेत भरलेल्यांना पुढे वर्षभरासाठी ठेवून घेते. दुसरा हेतू पैशाचा आहे आणि त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. उन्हाळ्यात जमणाऱ्या फीवर पुष्कळ शाळांचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो, त्यामुळे ज्यांना पुढे ठेवून घेण्याचा शाळेचा विचार नाही अशाही बऱ्याच जणांना प्रवेश मिळतो. यात फसवणूक काही नाही. त्यांनाही नीट शिकवले जाते. पण शिष्यवृत्तीशिवाय आलेल्या प्रवेशपत्राचा अर्थ ‘तू या वर्गात उभी राहू शकतेस’ इतकाच घ्यावा. शाळेला एखादी मुलगी मनापासून हवी असते तेव्हा ती बहुधा फीमध्ये सवलत देऊन तसे दाखवते. म्हणून त्या अर्ध्या फीमाफीकडे मी केवळ पैशाची बचत म्हणून पाहत नाही.

मोठ्या वर्गात पहिल्याच दिवशी सर्वांना एकत्र नाचवून पातळ्या ठरवतात. माहितीपुस्तिकेवर ज्या विख्यात नर्तकांची छायाचित्रे असतात ते बऱ्याचदा वरच्या एक-दोन पातळ्यांनाच शिकवतात आणि मधल्या पातळीतल्या मुलीला ते जेवणघराच्या रांगेत दिसतात. तेव्हा दोन्ही शाळांना पत्र लिहून विचार: माझ्या वयाच्या मुलींना रोज कोण शिकवणार, एका वर्गात किती जणी असणार, पॉइंटचा, म्हणजे कडक शूज घालून बोटांच्या टोकांवर नाचण्याचा, वर्ग रोज आहे की आठवड्यातून दोनदा, फिजिओथेरपिस्ट जागेवर असतो की फोन करून बोलवावा लागतो. मी काही वर्षे अशाच एका शाळेत मुलींच्या वर्गाची आणि वसतिगृहाची जबाबदारी सांभाळली आहे. हे प्रश्न विचारणाऱ्या पालकांचा तिथे कोणाला राग येत नाही. एका वर्गात तीस जणी असतील तर दीड तासात शिक्षिकेची नजर तुझ्यावर किती वेळा पडणार, याचा हिशेब तूच कर.

आता मुख्य गोष्ट. सध्या तू आठवड्यातून तीन-चार वर्ग करतेस, म्हणजे जेमतेम सहा तास. उन्हाळी वर्गात आठवड्याचे पाच किंवा सहा दिवस, रोज पाच-सहा तास नाचावे लागते: सकाळी तंत्राचा वर्ग, मग पॉइंट, मग व्हेरिएशन (गाजलेल्या बॅलेंतले एकल नाच) किंवा रेपर्टरी (कंपनीच्या बॅलेंतले भाग), दुपारी कंटेम्पररी किंवा कॅरेक्टर (लोकनृत्यांवरून घेतलेले नाच) आणि कधीकधी त्यावर पिलाटेचे व्यायाम. श्रम एका आठवड्यात चार ते सहा पटींनी वाढतात, पण हाडे आणि स्नायुबंध इतक्या वेगाने तयार होत नाहीत. पहिला आठवडा उत्साहात निघून जातो. मी ज्या मुलींना बर्फाची पिशवी घेऊन खुर्चीवर बसलेले पाहिले त्यांपैकी बहुतेक दुसऱ्या आठवड्यातल्या होत्या, आणि त्यांत कामचुकार मुली जवळजवळ नसतच. तू पंधरा वर्षांची आहेस आणि गेल्या वर्षात तुझी उंची झपाट्याने वाढली, असे तुझी आई म्हणाली. या काळात हाडे पुढे धावतात आणि स्नायू मागे राहतात, त्यामुळे काल जमलेला तोल आज जात नाही आणि पूर्वी सहज वर जाणारा पाय जड वाटतो. अशा शरीरावर पाच आठवड्यांचा भार एकदम टाकावा, हे मला पटत नाही. तीन आठवडे पेलतील, तेही आतापासून तयारी केलीस तर.

ती तयारी अशी. एप्रिलपासून दर आठवड्याला एखादा वर्ग किंवा अर्धा-एक तास वाढवत जा. रोज भिंतीला बोट टेकून एका पायावर उभी राहा आणि त्या पायाची टाच उचल. घोटा बाहेर न कलंडता सलग वीस-पंचवीस वेळा जमू लागेपर्यंत संख्या हळूहळू वाढव, आणि दोन्ही पायांची संख्या सारखी ठेव. पॉइंटवर पाय किती ताणलेला दिसतो याचे मुलींना फार कौतुक असते. मला मात्र वर चढल्यावर घोटा स्थिर राहतो की थरथरतो हे आधी पाहायचे असते. खुर्चीवर पाय टेकवून स्प्लिट आणखी ओढण्याचे प्रकार सुटीत करू नकोस. आणि घरातल्या फरशीवर उड्या मारू नकोस. बॅलेच्या स्टुडिओत लाकडी जमिनीखाली पोकळी ठेवून तिला लवचीकपणा दिलेला असतो, तर आपल्या इमारतींत फरशीखाली थेट काँक्रीट असते आणि उडीचा सगळा धक्का नडगीच्या हाडात जातो.

दुखण्याबद्दलही इथेच लिहिते. पोटऱ्या भरून येणे, मांड्या ठणकणे हे होणारच आणि दोन दिवसांत ओसरणार. पण पॉइंटवर चढताना घोट्याच्या मागच्या, आतल्या बाजूला टोचत असेल, किंवा पावलाच्या वरच्या भागात दुसऱ्या बोटाच्या रेषेत एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल आणि ती रात्री झोपल्यावरही थांबत नसेल, तर त्याच दिवशी सांग. पहिले दुखणे अंगठ्याकडे जाणाऱ्या स्नायुबंधाचे असू शकते, दुसरे हाडाला गेलेल्या बारीक तड्याचे. बसून वर्ग पाहण्यात कमीपणा नाही. त्या शाळांत वही घेऊन भिंतीशी बसलेली मुलगी रोजच दिसते.

शूजकडे वळते. पॉइंट शूचा पुढचा कडक भाग कापड आणि कागदाचे थर खळीने चिकटवून केलेला असतो आणि पायाच्या घामाने ती खळ मऊ पडते. मुंबईच्या दमट हवेत तू एकच जोड आठवडाभर वापरतेस आणि तो तिसऱ्या दिवशी ‘मेला’ म्हणून तक्रार करतेस, त्याचे हेच कारण. वर्ग संपल्याबरोबर शूज पिशवीत कोंबू नकोस. आतले पॅड काढ आणि शूज पंख्याखाली उघडे ठेव. निदान दोन जोड आलटून पालटून वापर, म्हणजे प्रत्येक जोडाला सुकायला पूर्ण दिवस मिळतो. तीन आठवड्यांसाठी चार जोड लागतील असे धर आणि ते सगळे इथूनच, तुझ्या मापाचे आणि आधी वापरून पाहिलेल्या बनावटीचे घेऊन जा. नव्या बनावटीचा प्रयोग तिथे करू नकोस. रिबिनी निघण्यापूर्वीच शिवून ठेव. साध्या दोऱ्यापेक्षा दात साफ करायचा फ्लॉस जास्त टिकतो. शिवताना वरच्या कडेतली नाडी टाक्यात सापडू देऊ नकोस, कारण ती अडकली की शू घट्ट करता येत नाही. रिबिनीचे टोक मेणबत्तीजवळ क्षणभर धरले की दशा निघत नाहीत. हे काम आईवर सोपवू नकोस. वसतिगृहात रात्री दहा वाजता रिबीन तुटली की शिवायची तुलाच आहे.

आणखी एक गोष्ट तुला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. गुलाबी टाइट्स आणि गुलाबी शूज गोऱ्या पायाला शोभतील असे ठरले. आपल्या सावळ्या हातांखाली ते पाय दुसऱ्याच कोणाचे वाटतात. १९६९ साली आर्थर मिचेल यांनी कॅरेल शूक यांच्यासह स्थापन केलेल्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमने पुढच्या दशकात ही प्रथा मोडली आणि नर्तकांच्या कातडीच्या रंगाचे टाइट्स व शूज मंचावर आणले. आज अनेक शाळा दोन्ही चालवून घेतात. तू ज्या शाळेत जाशील तिचा नियम आधी विचार, आणि मुभा असेल तर तुला जे बरे वाटते ते घाल. तपकिरी शूज आता तयार मिळतात. पूर्वी मुली गुलाबी शूजवर स्पंजाने फाउंडेशन थापत बसायच्या, आणि अजूनही काही बसतात.

तू आजवर रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या अभ्यासक्रमात वाढलीस. तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी हातांचा गोंधळ होईल. डोक्यावर गोल धरलेल्या दोन्ही हातांना तू पाचवी पोझिशन म्हणतेस. रशियन वागानोवा पद्धतीच्या शिक्षिकेकडे तीच तिसरी असते. बॅलन्चीनच्या परंपरेतली शिक्षिका पिरुएतच्या, म्हणजे एका पायावरच्या गिरकीच्या, तयारीत मागचा पाय सरळ ठेवायला लावेल आणि बोटे वेगवेगळी दिसतील असा हात मागेल. ‘आमच्याकडे असे शिकवतात’ हे वाक्य तिथे तोंडातून काढू नकोस. तीन आठवडे त्यांच्या पद्धतीने कर, परत आल्यावर आपल्या बाईंच्या पद्धतीने कर. दोन्ही शरीरात राहतात आणि पुढे कंपनीत काम करायचे झाले तर दोन्ही लागतात. शिक्षिका दुसऱ्या मुलीला जी दुरुस्ती सांगेल तीही स्वतःसाठी ऐक, आणि रात्री वहीत दोन-तीनच ओळी लिही. सगळे लिहायला बसशील तर चौथ्या दिवशी वही बंद पडेल.

खाण्याविषयी माझे मत कडक आहे. आरशासमोर दिवसाचे सहा तास घालवणाऱ्या मुलींच्या खोलीत कमी खाण्याची चढाओढ लागायला वेळ लागत नाही, आणि तिला कोणी चढाओढ म्हणत नाही. ‘मला भूकच नाही’ असे म्हणतात. तू त्यात पडू नकोस. शाकाहारी मुलीचे तिथल्या जेवणघरात पास्ता आणि सॅलडवर भागते, पण त्यातून प्रथिने पुरेशी मिळत नाहीत. अंडी चालत असतील तर रोज खा. दही, राजमा, टोफू, चीज जे असेल ते घे, आणि बॅगेत भाजलेले शेंगदाणे, चणे आणि राजगिऱ्याच्या वड्या ठेव. दोन वर्गांच्या मधल्या पंधरा मिनिटांत काही खाल्ले नाहीस तर शेवटच्या वर्गात घोटा लचकतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. पाळी लांबली किंवा बंद झाली तर ती सोय समजू नकोस. श्रमाच्या मानाने शरीराला अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि त्याची किंमत हाडे देतात, डॉक्टरांना दाखव.

व्हिसाचे काम आईबाबांनी आजच हाती घ्यावे. आठवड्याला अठरा तासांहून अधिक शिक्षण असेल तर पर्यटक व्हिसावर जाता येत नाही. विद्यार्थी व्हिसा लागतो आणि त्यासाठी शाळेने आय-ट्वेंटी हा कागद द्यावा लागतो. ती शाळा तो देते का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारायचे, कारण वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीची तारीख आपल्या सोयीने मिळत नाही. शिवाय जूनच्या मध्यात तुझी दहावी सुरू होते. तीन आठवड्यांची रजा मुख्याध्यापकांकडून मिळवणे शक्य आहे. पाच आठवडे आणि वर प्रवास म्हटल्यावर वर्षाची घडीच विस्कटेल.

समजा व्हिसा झाला नाही किंवा पैशाचे गणित जमले नाही, तर त्याला शोकांतिका करू नकोस. अमिरुद्दीन शाह मुंबईतच येहुदा माओर यांच्याकडे शिकला आणि २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. तो तिथवर पोहोचला तो एका शिक्षकाकडे रोज, वर्षाचे बारा महिने काम करून. तुझ्या बाईंनी मे महिन्यात रोज सकाळी वर्ग घ्यायची तयारी दाखवली आहे, असे तू लिहिलेस. परदेशी जा किंवा न जा, तो वर्ग चुकवू नकोस.

मोठ्या शाळेला नकार कळवताना दोन ओळींचे आभाराचे पत्र लिही आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा चाचणी देण्याचा विचार असल्याचे त्यात नमूद कर; ही दुनिया लहान आहे आणि पत्रे जपून ठेवली जातात. लहान शाळेची अनामत भरण्याची मुदत या महिन्याअखेर आहे, तिच्याआधी वर लिहिलेल्या प्रश्नांची उत्तरे मागव आणि आली की मला पाठव. सोबत एका पायावरच्या रलव्हेचा, म्हणजे टाच उचलण्याचा, व्हिडिओही पाठव, समोरून नको, मागून घेतलेला, म्हणजे मला टाचा दिसतील.

आईबाबांना नमस्कार. कळावे.

तुझी,
मावशी