वाचक विचारतात : कारखान्यातली क्वाड आणि नॉर्बर्ट रिलियू

प्रश्न : मुलगा साखर कारखान्यात क्वाडवर (रस आटवणाऱ्या चार बंद भांड्यांच्या संचावर) शिकाऊ आहे. एकाच वाफेवर चार बॉड्या (म्हणजे ही भांडी) चालवायची युक्ती एका काळ्या अमेरिकन माणसाची, असं तिथले जुने लोक सांगतात. खरं आहे का? आमच्या गुऱ्हाळात तर एका काहिलीलाच चिपाड पुरत नाही.
– एक वाचक, औसा

उत्तर : अगदी खरं. नॉर्बर्ट रिलियू यांचा जन्म १८०६ चा, न्यू ऑर्लिन्समधला. आई स्वतंत्र कृष्णवर्णीय, वडील गोरे. शिक्षण पॅरिसला झालं आणि पुढे तिथेच ते शिकवू लागले. लुईझियानात तेव्हा रस उघड्या कढयांत आटवत. गुलाम माणसं लांब दांड्याच्या ओगराळ्यांनी उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतत, अंग भाजून घेत. साखर करपायची आणि सरपण अतोनात जळायचं. रिलियूंनी १८४३ आणि १८४६ मध्ये यावरच्या आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं.

काहिलीतून वर जाणारी वाफ चुलीची बरीचशी उष्णता सोबत घेऊन जाते. रिलियूंनी ती वाफ पुढच्या बंद भांड्याला तापवायला लावली. पण पुढचा रसही तेवढ्याच तापमानाला उकळला, तर उष्णता त्याच्याकडे जाणारच नाही. म्हणून प्रत्येक पुढच्या बॉडीत दाब कमी. शेवटच्या बॉडीत २५-२६ इंच व्हॅक्यूम असतो (पाऱ्याच्या इंचांत, बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा कमी दाब), आणि तिथे रस ५५-६० अंश सेल्सिअसलाच उकळतो. खरी हुशारी इथे आहे.

हिशेब असा : १५ ब्रिक्सचा (म्हणजे शंभरात १५ भाग विरघळलेला, मुख्यतः साखर) १०० किलो रस ६० ब्रिक्सवर आणला की २५ किलो सिरप उरतं, म्हणजे ७५ किलो पाणी उडवायचं. एका भांड्यात त्याला ७५ किलोहून थोडी जास्तच वाफ लागते, चार बॉड्यांत ढोबळमानाने २० किलो.

मुलाला तीन गोष्टी सांगा. रसाची पातळी नळ्यांच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर ठेवावी. जास्त झाली की थेंब वाफेबरोबर उडतात, साखर पुढच्या बॉडीच्या कंडेन्सेटमध्ये (वाफ थिजून झालेल्या पाण्यात) जाते आणि शेवटच्या बॉडीतून कंडेन्सरच्या (वाफ थंड करणाऱ्या भांड्याच्या) पाण्यात. असं साखर मिसळलेलं कंडेन्सेट बॉयलरला जात असेल तर बॉयलरही खराब होतो. वाफेबरोबर आलेली हवा आणि न थिजणारे वायू कॅलेंड्रियातून (बॉडीतल्या नळ्यांभोवतीच्या वाफेच्या कप्प्यातून) सतत काढावे लागतात, नाहीतर नळ्या तापत नाहीत. आणि स्केल (नळ्यांवर बसणारा कठीण थर) शेवटच्या बॉडीत जास्त धरतं, कारण रस तिथे सर्वात घट्ट. कॉस्टिक सोड्याचं पाणी उकळून ते सैल करतात.

गुऱ्हाळात क्वाड बसणार नाही. कारण गुळाला शेवटी ११८ अंशांच्या आसपास ताव हवा, आणि क्वाडच्या शेवटच्या बॉडीत रस त्याहून खूप कमी तापमानाला उकळतो. पण चुलाणातून धुराड्याकडे जाणाऱ्या गरम धुरावर दुसरी काहील बसवा आणि ताजा रस आधी तिच्यात तापवा. चिपाड नक्की वाचेल.

प्रश्न : रिलियू गुलाम होते का? गुलामाने शोध लावला तर पेटंट मिळायचं?
– एक वाचक, परळी

उत्तर : रिलियू जन्माने स्वतंत्र होते. त्यांच्याही आधी, १८२१ मध्ये, थॉमस जेनिंग्ज या स्वतंत्र कृष्णवर्णीय शिंप्याने कपडे स्वच्छ करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळवलं होतं. गुलामांना मात्र दार बंद. १८५८ मध्ये सरकारी कायदा सल्लागाराने मत दिलं : गुलाम नागरिक नाही, म्हणून त्याला शोधकर्त्याची शपथ घेता येत नाही, मालकाने शोध लावलेला नाही, म्हणून त्यालाही पेटंट नाही.