कुंपणातला करंट आणि परक्याचा जीव

प्रश्न : माझे शेत जंगलाला लागून आहे. गेल्या हंगामात रानडुकरांनी निम्मा हरभरा उकरला आणि एका रात्री मोटारीची केबलही चोरीला गेली. शेजारचे काही जण धुऱ्यावर तार ओढून रात्री तिच्यात लाइनचा करंट सोडतात. मीही तसे केले, ‘धोका’ असा फलक लावला आणि विनापरवानगी शिरलेला कोणी दगावला, तर जबाबदारी माझी कशी? शेतात बिनकठड्याची एक जुनी विहीर आहे, तिच्याबाबतही सांगावे.
– एक शेतकरी, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : आपले नुकसान खरे आहे आणि रात्र-रात्र जागल करून माणूस किती पिचतो, याची मला जाणीव आहे; तरीही ती तार ओढू नका, असे मी आपल्याला कळकळीने सांगतो.

आपल्या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्येच, बिहारमधील चेरुबिन ग्रेगरी खटल्यात दिलेले आहे. शेजारच्या एका बाईच्या शौचालयाची भिंत पडली होती, म्हणून ती आरोपीच्या शौचालयात जाऊ लागली. लोकांनी तिथे येऊ नये म्हणून आरोपीने वाटेवर उघडी तांब्याची तार लावून तिच्यात वीजप्रवाह सोडला आणि तिला हात लागून ती बाई मरण पावली. मालमत्तेच्या खाजगी संरक्षणाचा हक्क आपल्याला आहे, हा त्याचा बचाव न्यायालयाने फेटाळला. आगंतुक स्वतःच्या जोखमीवर शिरतो आणि त्याच्या सुरक्षिततेसाठी खास काळजी घेण्याचे बंधन जागामालकावर नाही, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र म्हणून तो कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही आणि त्याला इजा व्हावी या हेतूने, किंवा तो येईल याची बेपर्वाई करून, सापळा लावण्याचा अधिकार मालकाला मिळत नाही, असेही स्पष्ट केले.

हयगयीने मृत्यू घडवण्याच्या ज्या गुन्ह्याखाली तेव्हा शिक्षा झाली, त्याला जुन्या दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत कैद होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये ती पाच वर्षांपर्यंत आहे. तारेने जीव जाऊ शकतो याची आपल्याला जाणीव होती असे ठरले, तर सदोष मनुष्यवधाचा आरोप येतो आणि कैद दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. आपण लावू म्हणता तो फलकच त्या जाणिवेचा पुरावा ठरू शकेल, हे ध्यानात घ्या. शिवाय मृताचे वारस 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली भरपाई मागू शकतात. वाघ-बिबट्या सापडला, तर वन्यजीव कायद्याचा गुन्हा वेगळाच.

आणि त्या तारेला सापडते कोण? गुडघ्याएवढ्या खुंट्यांना बांधलेली बाइंडिंग वायर दवाने भिजलेल्या गवतात पहाटे दिसतही नाही. पाणी द्यायला निघालेला गडी, सरपणाला आलेली बाई, कित्येकदा बटण बंद करायचे विसरलेला घरचाच माणूस तिच्यावर पाय देतो. लाइनच्या करंटने स्नायू आखडतात आणि धरलेली तार सुटत नाही. कुंपणाच्या तारेला जोडायचे झटका मशीन याहून वेगळे आहे: ते क्षणभराचा झटका देऊन थांबते, त्यामुळे जनावर बिचकून मागे फिरते. मात्र मशीन प्रमाणित हवे, तारेवर ठळक पाट्या हव्यात आणि तिला थेट लाइन कधीही जोडू नये. पिकाच्या नुकसानीसाठी वनविभागाकडे पंचनाम्याचा अर्जही लगेच करा.

विहीर आपण कोणाला इजा व्हावी म्हणून ठेवलेली नाही, त्यामुळे तिचा विचार वेगळा होतो. पण तिथे मुले येतात हे आपल्याला ठाऊक असेल, तर ‘त्यांना कोणी बोलावले होते?’ एवढे म्हणून भागेलच असे नाही. इंग्लंडमध्ये मोडक्या कुंपणातून रेल्वेच्या विद्युत रुळावर गेलेले सहा वर्षांचे मूल भाजले, तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने (त्या काळचे तिथले सर्वोच्च न्यायालय) 1972 मध्ये रेल्वेला जबाबदार धरले. कारण मुले तिथून ये-जा करतात हे कर्मचाऱ्यांना माहीत होते आणि दुरुस्ती साधी होती. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, परंतु अशा दाव्यांत आपली न्यायालये इंग्रजी निकालांचा आधार घेत आली आहेत. तेव्हा विहिरीला पक्का कठडा बांधून घ्या. तोवर भोवती बाभळीच्या काट्यांचे दाट कुंपण घाला आणि जवळच्या घरांत स्वतः जाऊन सांगून या.