नियम पाण्याला भाग पाडतो का?

प्रश्न : आमच्या खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतात, भरती चढली की मानशीची (बांधातल्या पाणी-फाटकाची) दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. हे निसर्गनियमाने घडते असे आपण म्हणतो. पण नियम म्हणजे पाण्याला भाग पाडणारे काही असते, की नेहमी जे घडते त्याची ती केवळ नोंद?
— एक वाचक, चोडण

उत्तर : आपला दुसरा पर्याय स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या विचाराशी जुळतो. एका घटनेमागून दुसरी येताना दिसते, पहिलीने दुसरीला भाग पाडल्याचे मात्र कधीच दिसत नाही, आणि अटळता ही सवयीने मनात उमटणारी अपेक्षा आहे, असे त्याने १७३९ मध्ये मांडले. मानशीपाशी बसून पाहिले तरी बाहेरची पातळी आतल्यापेक्षा वर गेली आणि दारे मिटली, एवढेच दिसते.

तरीही केवळ नोंदीने भागत नाही. शुद्ध सोन्याचा मैलभर व्यासाचा गोळा विश्वात कुठेच नसेल, तर तो योगायोग होय. युरेनियम-२३५चा तेवढा गोळा मात्र असूच शकत नाही, कारण सुमारे ५० किलोचा गोळा होताच साखळी प्रक्रिया भडकते. दोन्ही नोंदी सारख्याच खऱ्या असूनही 'असते तर काय झाले असते' हे नियमच सांगतो. आपल्या नैयायिकांनीही (न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनीही) व्याप्तीवरची, म्हणजे 'जिथे धूर तिथे अग्नी' अशा कायमच्या साहचर्यावरची, शंका अशाच तर्काने दूर केली : अग्नी नसता तर धूरही नसता.

तत्त्वज्ञ डेव्हिड आर्मस्ट्राँग यांनी १९८३ मध्ये गुणधर्मांमध्येच अनिवार्यतेचा संबंध मानला, म्हणजे एक गुणधर्म असला की दुसरा असावाच लागतो. पण नुसते 'अनिवार्य' हे नाव दिल्याने तो संबंध बांधतो कसा, हा तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो.

माझे मत असे की नियम वस्तूंच्या बाहेर उभा राहून आज्ञा देत नाही. भरती चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाने येते, आणि अशी ओढण्याची क्षमता हे वस्तुमानाचे स्वरूपच आहे. त्यामुळे दोन भरत्यांमधले सरासरी १२ तास २५ मिनिटांचे अंतर अटळ नाही, कारण चंद्राची कक्षा किंवा पृथ्वीच्या परिवलनाचा वेग वेगळा असता तर तेही बदलले असते. मात्र चंद्र, पृथ्वी आणि समुद्र आहेत तसे असताना भरती न येणे शक्य नव्हते. यावर कोणी म्हणेल की जडत्व असलेला, पण न ओढणारा पदार्थ कल्पिता येतो. येतो खरा, पण त्या पदार्थाच्या ठायी असेल ते वस्तुमान नव्हे, दुसराच एखादा गुणधर्म असेल.