पाटी हवी की वाड्याला संरक्षण?

प्रश्न : सदाशिव पेठेत आमचा पणजोबांच्या काळातला वाडा आहे. लोकमान्य टिळक इथे बैठकीला येत, असं घरात पहिल्यापासून सांगतात. वाड्याला वारसा म्हणून मान्यता मिळावी, दारावर ऐतिहासिक वास्तूंना लावतात ती निळी पाटी लागावी, अशी माझी इच्छा आहे. चुलतभावांना मात्र वाडा बिल्डरला द्यायचा आहे. त्यात महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली. मी एकटा काही करू शकतो का?

उत्तर : करू शकता. पण आधी नोटिशीचं बघा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली ती आली असेल, तर धोकादायक भाग पाडायला, त्याला आधार द्यायला किंवा दुरुस्त करायला सांगता येतं. तुमच्या नोटिशीत यांतलं नेमकं काय म्हटलंय, ते शब्द न् शब्द वाचा. तुमच्या फोटोंत मागच्या सोप्याची तुळई खचलेली दिसते, पण चौकातले खांब दगडी तळखड्यांवर अजून सरळ उभे आहेत. जुन्या लाकडी बांधकामाची जाण असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून घ्या. टेकू देऊन भागेल की वाडा उतरवावाच लागेल, हे अहवालात स्पष्ट लिहून मागा. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, पोच घ्या. मागच्या भागात कुणी राहत असेल तर त्यांना आजच तिथून हलवा; यात एक दिवसही घालवू नका.

आता पाटीचं. पाटी हा सन्मान आहे. तिच्यामुळे वाड्याची एक वीटही सुरक्षित होत नाही. भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली, हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. तरी ती वास्तू मोडकळीला आली, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी ती पाडली गेली. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

संरक्षण मिळतं ते महापालिकेच्या वारसा यादीत श्रेणी मिळाल्यावर. प्रस्ताव हेरिटेज सेलकडे द्या. तो वारसा समितीपुढे जातो, हरकती-सूचना मागवल्या जातात. प्रस्ताव तुम्ही एकट्यानेही देऊ शकता. चुलतभाऊ हरकत घेतील, हे धरूनच चाला. पाटीसाठी मात्र भिंत सगळ्यांची आहे, तिथे त्यांची संमती घ्या.

त्यांच्याशी भांडणाने सुरुवात करू नका. यादीत आलेल्या वास्तूच्या न वापरलेल्या चटईक्षेत्राचा (म्हणजे तिथे करता आलं असतं त्या बांधकामाचा) टीडीआर, म्हणजे तो बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची मुभा, मागता येतो, हा हिशेब त्यांच्यापुढे मांडा. पैसे मिळायला बिल्डर हा एकच मार्ग नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नसेल. वाटप झालेलं नसेल तर ते फक्त स्वतःचा अविभक्त हिस्सा विकू शकतात. तुमच्या सहीशिवायचा करार तुमच्या हिश्शावर बंधनकारक नाही. आणि बाहेरच्याने हिस्सा घेऊन वाटपाचा दावा लावलाच, तर १८९३ च्या विभाजन कायद्याच्या कलम ४ खाली तो हिस्सा न्यायालय ठरवेल त्या किमतीला तुम्हाला विकत मागता येतो. त्याआधी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि त्यावर वारस म्हणून आत्यांची नावं लागली आहेत का, तेही पाहा. अनेक वाड्यांत गाडं नेमकं तिथेच अडतं.

राहता राहिला टिळकांचा पुरावा. तुम्ही पाठवलेल्या पोस्टकार्डावर 'संध्याकाळी वाड्यावर भेटू' एवढंच आहे, टिळकांचं नाव कुठेच नाही. तरी ते मोलाचं आहे. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून पुढे आला, तर न्यायालय तो खरा धरू शकतं. म्हणून मूळ कार्ड लॅमिनेट करू नका. दोन्ही बाजू स्कॅन करा, टपालाचा शिक्का वाचता येईल अशा. 'केसरी'चे त्या काळातले अंक चाळा, भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. आधार सापडेपर्यंत अर्जात टिळकांचं नाव घालू नका. तो दावा खोडला गेला तर बाकीचा अर्जही डळमळतो. श्रेणी देताना बांधकामाची शैली आणि वय यांनाही वजन असतं. चौक, कडीपाट, कोरीव खांब, दिंडी दरवाजा यांची मोजमापं आणि फोटो संवर्धन वास्तुविशारदाकडून करून घ्या आणि प्रस्तावात तेच पुढे ठेवा.