निर्बंध म्हणजे नाकेबंदी नव्हे, आणि प्रतिबंध तर नव्हेच

मिरजेहून एका वाचकांनी विचारलं आहे: "'1941 साली अमेरिकेने जपानची आर्थिक नाकेबंदी केली' हे वाक्य बरोबर आहे का? की 'आर्थिक प्रतिबंध' म्हणावं? आणि नाकेबंदी की नाकाबंदी?"

'प्रतिबंध' आधी निकालात काढू. तो हिंदी बातम्यांतून जसाच्या तसा उचललेला आहे. मराठीत प्रतिबंध म्हणजे होऊ न देणं: रोगप्रतिबंधक लस, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. 'रशियावर प्रतिबंध' असं वाचलं की रशियाला लस टोचल्यासारखं वाटतं. रोज कानावर पडतं म्हणून ते मराठी होत नाही.

नाकेबंदीला नाका लागतो आणि नाक्यावर माणूस उभा लागतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघाला, पोत्यांचं वजन झालं, हमालांनी ट्रक भरला. तो ट्रक अंकलीच्या पुलावर अडवला तर ती नाकेबंदी. पण ट्रकला कुणी हात लावला नाही, फक्त खरेदीदाराचं बँकेतलं खातं गोठवलं, तर? रस्ता मोकळा, माल तयार, आणि अडत्या पोती उतरवून घेतो, कारण पैसे येणार नाहीत. हा निर्बंध.

1941 साली नेमकं हेच झालं. त्याआधीच्या पायऱ्या सगळ्या कागदाच्याच होत्या. जुलै 1939 मध्ये अमेरिकेने जपानशी असलेला 1911 चा व्यापारी करार संपवण्याची सहा महिन्यांची नोटीस दिली. जुलै 1940 मध्ये विमानाचं पेट्रोल आणि उत्तम प्रतीचं लोखंडी भंगार परवान्याखाली आलं. ऑक्टोबर 1940 पासून जपानला जाणारं सगळंच लोखंड-पोलादाचं भंगार थांबलं. मग जपानी फौजा दक्षिण इंडोचायनाकडे (आजचा व्हिएतनाम-कंबोडियाचा भाग) निघाल्या आणि 26 जुलै 1941 च्या हुकुमाने अमेरिकेतला जपानी पैसा गोठवला गेला. त्या हुकुमात 'तेलबंदी' नव्हती. कागदोपत्री ठरावीक तेल मिळू शकत होतं. पण तेलाचा परवाना मिळाला तरी पैसे मोकळे करायला दुसरा परवाना लागे, आणि अमेरिकेचे सहायक परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचिसन ज्या समितीत होते ती समिती तो देईना. ब्रिटन आणि डच ईस्ट इंडीजनेही खाती गोठवली. जपानचं सुमारे 80 टक्के तेल अमेरिकेतून येत होतं. ते एकही जहाज न अडवता बंद झालं. याला नाकेबंदी म्हणणं ही साधी चूक नाही. आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धाची कृती मानली जाते, म्हणून तर 1962 मध्ये क्युबाभोवती आरमार उभं करतानाही केनेडींनी तो शब्द टाळून 'क्वारंटाइन' म्हटलं. तुमच्या वाक्यात अमेरिका-जपान युद्ध प्रत्यक्षापेक्षा चार महिने आधीच सुरू होतं.

आता खरा मुद्दा. 'निर्बंध' या शब्दातला 'निर्' म्हणजे 'विना' नव्हे. निर्जल, निर्धन यांतला 'निर्' वेगळा. इथला 'निर्' निर्धार, निर्णय यांतला, म्हणजे पक्कं, ठाम. आणि संस्कृतात निर्बंध म्हणजे बंदी नव्हेच, निर्बंध म्हणजे आग्रह, हट्ट! कालिदासाच्या रघुवंशाच्या पाचव्या सर्गात कौत्स नावाचा शिष्य गुरुदक्षिणा घ्याच म्हणून गुरूंच्या मागे लागतो. गुरू नको म्हणतात, हा ऐकत नाही. शेवटी 'निर्बन्धसंजातरुषा', म्हणजे त्या आग्रहाने संतापून, गुरू म्हणतात, चौदा विद्या शिकवल्या, चौदा कोटी आण. कौत्स रघू राजाकडे जातो, रघूची तिजोरी रिकामी, आणि रघू थेट कुबेरावर स्वारीची तयारी करतो. एका निर्बंधातून संताप, संतापातून अशक्य मागणी, मागणीतून रथ सज्ज!

माझं म्हणणं असं की हा जुना अर्थ मराठीत मेलेला नाही, आत दबून आहे. आधी मन एका गोष्टीला घट्ट बांधलं जायचं, मग त्याच दोरीने दुसऱ्याचे हात बांधले गेले. म्हणून 'हे सोड, मग मी सोडतो' अशी मागणी जिथे असते, तिथेच निर्बंध शोभतो. 26 नोव्हेंबर 1941 ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनी जपानला दिलेल्या टिपणात चीन आणि इंडोचायनातून फौजा काढा, ही अट होती. तो आग्रह. मागणीशिवाय नुसतं अडवलं तर ती कोंडी. वचक बसेल म्हणून घातलेला निर्बंध समोरच्याच्या साठ्याच्या हिशेबावर चालतो: तेल दिवसेंदिवस घटत असेल तर थांबण्यापेक्षा आत्ताच लढलेलं बरं, असं त्याला वाटू लागतं. जपानला तसंच वाटलं. 7 डिसेंबरला त्याने पर्ल हार्बर या अमेरिकी आरमारी तळावर हल्ला केला.

सावरकरांनी भाषाशुद्धीत 'कायदा' घालवायला 'निर्बंध' पुढे केला. 'महापौर' त्यांनी दिला, तो उत्तम रुजला. पण हा शब्द चुकीचाच होता. कायदा नुसता बांधत नाही, हक्कही देतो. 'माहिती अधिकार कायदा' याचं 'माहिती अधिकार निर्बंध' करून पाहा, अर्थ उलटा होतो. मराठी माणसाने तो घेतला नाही, हे योग्यच झालं. आजही कुणी हा शब्द कायद्यासाठी वापरा म्हणून सांगतात, त्यांनी 'अनिर्बंध सत्ता' याचा अर्थ 'बिनकायद्याची सत्ता' इतकाच होतो का, ते सांगावं.

क्रियापदं: निर्बंध घालतात किंवा लादतात, शिथिल करतात, उठवतात. निर्बंध 'मंजूर' होत नाहीत. इंग्रजी 'सँक्शन'ला मंजुरी आणि शिक्षा असे दोन्ही अर्थ आहेत, आणि झेडपीत रस्ता 'सँक्शन' होतो त्यातला पहिला. घोटाळा तिथून येतो.

तुमचं वाक्य असं लिहा: '1941 साली अमेरिकेने जपानचा पैसा गोठवून त्याच्यावर आर्थिक निर्बंध लादले आणि त्याचं तेल तोडलं.' नाकाबंदी पोलिसांच्या तोंडी, नाकेबंदी छापील मराठीत. दोन्ही चालतात.