पॅच निळाच निघतो, तेव्हा

प्रश्न : रायफलच्या नळीत गोळ्यांमुळे साचलेले तांबे काढायला अमोनियाचा सॉल्व्हंट (विरघळवणारे द्रव) घ्यावा की बिनअमोनियाचा? कितीही पुसले तरी पॅच (नळी पुसायचा कापडी तुकडा) निळाच येतो.

उत्तर : आधी ब्रश आणि जॅग (सळईच्या टोकाचा, पॅच धरणारा भाग) पाहा. ते पितळेचे किंवा ब्राँझचे असतील, तर सॉल्व्हंट त्यांच्यातलेच तांबे विरघळवतो आणि नळी स्वच्छ असूनही पॅच निळा दिसतो. नायलॉनचा ब्रश आणि प्लॅस्टिकचा जॅग वापरून पुन्हा तपासा.

अमोनिया तांब्यावर झपाट्याने काम करतो, पण वास उग्र, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त तो नळीत ठेवू नका. रात्रभर तर कधीच नाही, पोलाद खराब होऊ शकते. बिनअमोनियाचा सावकाश काम करतो, वास कमी. घरात साफसफाई करणाऱ्याने हाच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र तांब्यावर काजळीचा थर असेल तर दोन्ही निष्प्रभ ठरतात. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) काढा, बोअर गाइड (सळई सरळ नेणारे साधन) लावा आणि मागच्या बाजूने आधी कार्बन सॉल्व्हंट, म्हणजे काजळी काढणारा, फिरवा. मग कोरडा पॅच, त्यानंतर तांब्याचा सॉल्व्हंट. दोन सॉल्व्हंट नळीत एकत्र करू नका. शेवटी तेलाचा हलका हात द्या. गोळीबारापूर्वी ते पुसायलाच हवे.